कुटबणच्या जेटीवर

बर्फाची लादी फोडताना सिल्वेस्त्र म्हणतो,
हुंगून बघ,
कालच्या बांगड्यांचं पाणी आत गोठलंय.
बर्फाला स्वतःचा वास नसतो;
असतो तो आत अडकलेल्याचा.

शनीच्या एका चंद्राला भेगा आहेत,
खाली खारा समुद्र.
तिथून उडालेल्या हिमकणांत
कार्बनच्या कड्या सापडल्या.
रात्रभर मी त्यांचेच आलेख वाचत होते.

"म्हणजे थंय नुस्तें आसा?"

नाही रे.
हुमणाच्या कितीतरी आधीचं.
वाटण नाही, सोलं नाही,
नुसतं चुलीवर ठेवलेलं मीठपाणी
आणि खालून कसलीशी ऊब.

ट्रॉलर लागतो.
टोचा टाकून तो धावतो,
जाताना एक कपची माझ्या तळहातावर.

वितळते.
उरतो एक खवला,
नखाएवढाही नाही,
आणि बोटांना दिवसभर वास.