ॲव्हरेज

नानांची वही लाल पुठ्ठ्याची,
चादर कारखान्यात जॉबर होते तेव्हाची.
तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये,
आणि शेवटच्या रकान्यात, खाली दोन रेघा मारून,
ॲव्हरेज.
एकोणसत्तर आलं त्या दिवशी
कन्ना चौकातून भजी आणली होती.
एकसष्ट आलं त्या दिवशी कार्ब्युरेटर उघडून
रॉकेलच्या वाटीत भिजत ठेवला
आणि जेवताना कुणी बोललं नाही.

लुना विकून, भिशी उचलून,
उरलेले सोसायटीतून काढून घेतलेली गाडी.
सीटवरचं प्लॅस्टिक चार वर्षं काढलं नाही,
उन्हाळ्यात मांड्यांना चिकटायचं.
उतार आला की बंद. सिग्नल लागला की बंद.
"सात रस्त्यापासून नुसती ढकलत आणली"
हे असं सांगायचे
जसं कुणी पुरात पोहून आल्याचं सांगावं.
टाकीवर मी, मागं आई,
मधे अंबादास, चादरीच्या घडीसारखा दाबलेला.
पेट्रोल अठ्ठावीस होतं. तेही जास्तच वाटायचं.

मी होटगी रोडला फायनान्सच्या काउंटरवर बसते.
माझ्याकडची पोरं ॲव्हरेज विचारत नाहीत.
"मॅडम, महिन्याला किती बसतो?"
आधार, पॅन, तीन कोरे चेक,
दुपारपर्यंत गाडी हार घालून बाहेर,
आवाज असा, की विड्या वळणाऱ्या बायका
हातातलं पान सुपात टाकून बघतात.
पगार तेरा हजार, हप्ता साडेपाच.
पंपावर मात्र हळू आवाजात: शंभरचं टाक.
शंभरात आता लिटरही भरत नाही.

ओढून आणलेल्या गाड्या कुंभारीच्या अलीकडं,
आमच्या यार्डात, पत्र्याशिवाय.
एकीच्या हँडलला अजून डब्याची पिशवी.
एकीच्या मडगार्डवर 'वैष्णवीचे पप्पा'.
गुरुबसू हत्तुरे म्हणून एक जण दर रविवारी येतो,
वॉचमनला तंबाखू देतो,
स्वतःची गाडी दहा मिनिटं चालू करून
शेजारी उकिडवा बसतो.
"नुसती उभी राहिली की बॅटरी मरते ओ."
पेट्रोल बाटलीतून आणतो. चार हप्ते थकलेत.
चावी मीच देते.
हे रेकॉर्डला नाही.

गड्ड्याची जत्रा चालू होती, सूट होती,
मी बॅटरीची स्कूटर घेतली.
नाना तिच्याभोवती दोनदा फिरले,
धोतर सावरत खाली वाकले,
उघडण्यासारखं काहीच सापडलं नाही.
"किती देते?"
एका चार्जला ऐंशी म्हणतात, नाना.
"म्हणतात सगळेच. देते किती?"
बॅटरी गेली की अर्धी गाडी नव्यानं घ्यावी लागेल
हे मी सांगितलं नाही.
हप्ताही नाही सांगितला.
शेंगा फोडत बसलो होतो, टरफलं गोळा केली, उठले.

रात्री खिडकीतून वायर सोडली.
लाईट गेली, आली, परत गेली.
दीडच्या सुमारास जिन्याखाली टॉर्च दिसला.
स्टुलावर उभे राहून नाना
मीटरचे आकडे तळहातावर लिहून घेत होते.

सकाळी वहीत नवं पान.
'लिटर' खोडून 'युनिट'.
मीटर घराला एकच, त्यामुळे
फ्रिज, तिन्ही पंखे, अंबादासचं रात्रभर चाललेलं टीव्हीचं क्रिकेट,
सगळं बिचाऱ्या स्कूटरच्या नावावर पडलेलं.
भागाकार पेन्सिलीनं, दोनदा करून बघितलेला.
शेवटच्या रकान्यात: तीन.
खाली दोन रेघा.

चहा ओतत होते मी.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"कुठंतरी गळतंय बघ."