दोरीचं दुसरं टोक

चौकोनावर गोल बसेल कसा?
आई कणीक मळता मळता विचारायची.
बाप म्हणायचा, चारी कोपऱ्यांत
वाऱ्यानं फुगलेली शिडं बांधायची, विटांची;
मग भिंतीच पुढं झुकून घुमट झेलतात.

खालून लाकडाचा आधार नाही. लाकूड महाग.
परांचीवर लिओन्तिओस गवंडी,
दोरी ताणून वीट न् वीट जोखणारा,
आणि दुसरं टोक मधल्या फळीवर, माझ्या मुठीत.
हलू नकोस, थिओक्तिस्ती.

मी नऊ वर्षांची. शिंक आली.

पुढं सोनेरी काचा आल्या, मुद्दाम तिरक्या बसवलेल्या,
दिवा हलला की ख्रिस्ताच्या चेहऱ्यावर काही हलावं म्हणून.
सगळं थेसालोनिकी मान वर करून बघतं.

मी उत्तरेकडची सातवी रांग बघते,
जिथं सोन्याखाली
एक वीट बोटभर आत आहे.