उडीचं बटण

लॅमिंग्टन रोडला, दुसऱ्या माळ्यावर,
जिन्यात थर्माकोलचे मणी पायाला चिकटतात तिथे,
हितेनने विचारलं, गेमिंग की एडिटिंग?
म्हटलं, इम्युलेटर.
त्याने तीन पंख्यांचं कार्ड काउंटरवर मांडलं,
नवरीला पाटावर बसवावं तसं.
किंमत ऐकली, आणि म्हटलं, ठेव परत खोक्यात.

हे बघ, मला नवं काही खेळायचं नाही.
कोअर चार पुरेत,
पण त्यातला एकटा एक जीव तोडून पळणारा हवा.
जुनं मशीन मंद होतं, कबूल,
पण त्याचं सोंग आणायचं तर त्याचा प्रत्येक ठोका
उलगडून पुन्हा वाजवायचा,
सेकंदाला साठ चित्रं, एकही न गाळता.
बहुरूपी हवालदार होऊन दारात यायचा ना,
त्याला खऱ्या हवालदारापेक्षा जास्त घाम फुटायचा.
हितेन म्हणाला, बहुरूपी म्हणजे?

मॉनिटर घेताना मी आकार नाही विचारला,
उशीर विचारला:
बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत किती?
तेव्हा त्याने मोबाइल खाली ठेवला
आणि आतून चहा मागवला.

बत्तीस हजारांत बसवलं सगळं.
रात्री जमिनीवर वर्तमानपत्र पसरून
चिपवर पेस्ट लावली, मुगाच्या दाण्याएवढी,
श्वास रोखून.

काळाचौकीला पेडणेकरांच्या गिरणीला लागून
एक गाळा होता. चार मशिनं, रुपयाला एक डाव.
भिंतीपलीकडून बाजरी यायची, गहू यायचा,
स्क्रीनवर बोटाने नाव लिहिता यायचं.
तिसऱ्या मशीनचं उडीचं बटण पिठाने बसलेलं.
दिगंबर कासले, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा,
मागे उभा राहून सांगायचा:
दोनदा दाब. दुसऱ्यांदा मनापासून.

पावणेदोन वाजता ते चित्र उभं राहिलं.
तेच निळं आकाश, तोच कर्कश सूर,
आवाज कमी केला, आतल्या खोलीत सगळे झोपलेले.
पहिला खड्डा आला.
पहिल्या दाबाला गडी उडाला, पलीकडे टेकला,
दुसऱ्या दाबाला पुन्हा उडाला
आणि थेट पुढच्या खड्ड्यात.
पुन्हा. पुन्हा तेच.
अंगठा ऐकेना.

सेटिंगमध्ये शोधलं.
जुन्या टीव्हीच्या रेघा होत्या,
काचेचा फुगवटा होता, कडांचा धुरकट रंग,
स्पीकरची खरखरसुद्धा होती, कमीजास्त करता येणारी.
पिठाचं काही नव्हतं.

सकाळी हितेनला फोन लावला.
थोडं बिघडलेलं बटण मिळेल का रे,
एकदा दाबून न ऐकणारं?
पलीकडे जरा शांतता.
मग म्हणाला, रिटर्न आलेला एक कंट्रोलर पडलाय,
पण साहेब, त्याची गॅरंटी नाही.