पहिल्या पानावरचं वाक्य

सर विचारतात, फरक काय?
दोन्ही तर दुसऱ्यांदा आलेला नंबर परतच पाठवतात.
खिडकीखाली कुटबणचा धक्का, बर्फ फोडल्याचा आवाज,
माझ्यापुढे बुधो वेळीपांची वही.
दोनशे अकरा होड्या आज मशीनमध्ये उतरवायच्या.

वहीच्या कडेला त्यांनी कात्रीनं खाचा पाडल्यात.
अंगठा घातला की शंभरी उघडते,
नंबर आधी कुणाला दिलाय का, एका श्वासात कळतं.
ही खाच म्हणजे इंडेक्स, सर.
युनिक म्हटला, की जागा भरलेली दिसताच हात झटकतो.

आणि पहिल्या पानावर, निळ्या शाईत:
'एका क्रमांकास एकच होडी.'
खाली सही, शिक्का.
हे कन्स्ट्रेंट.
वाक्याला अंगठा नसतो, त्यालाही राबायला खाच लागते.
परवा परवान्यांच्या टेबलातली एक खाच बुजवू गेले
तर मशीन म्हणालं,
नाही, हिच्यावर एक वाक्य उभं आहे.

सर चहा ढवळतात. म्हणजे एकच की.

मग बोस्त्यांव आणि लुईजिन आले.
चुलतभाऊ. वाटणीपासून अबोला.
एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले.
होड्या ज्याच्या त्याला, नंबर तेवढे बदलायचे:
सत्तेचाळीस आजोबांचा, तो थोरल्या घरात जावा.
मी बोस्त्यांवपुढे सत्तेचाळीस लिहिला. लाल ओळ.
तो लुईजिनकडे आहे.
लुईजिनपुढे बारा लिहिला. लाल ओळ.
क्रमांकावर मी नुसती खाच ठेवली होती,
आणि खाचेला अर्धी गोष्ट ऐकवत नाही.

वेळीप पेन्शनच्या कागदासाठी आले होते. हसले.
"आमी पेन्सिलान बरयताले, बाय."
दोघांचं पेन्सिलीनं, मग दोघांचं एकदम शाईनं.

वाक्याला तसं सांगता येतं, सर,
पण ते लिहितानाच सांगावं लागतं:
सौदा पुरा होऊ दे, मग तपास.
खाच काढली, वाक्य लिहिलं.
घडीभर एका टेबलात दोन सत्तेचाळीस,
आणि कुणी ओरडलं नाही.
कमिट दाबलं.
काहीच झालं नाही, म्हणजे झालं.

पण शेजारच्या टेबलात, दोर बांधायच्या जागांसाठी,
मी खाचच ठेवली.
तिला म्हणता येतं, मोडीत निघालेल्या सोडून बघ;
त्यांची नोंद राहू दे, जागा मात्र दुसऱ्याला दे.
वाक्याला हे 'सोडून' जमत नाही.
आणि जागाच न मिळालेल्या नऊ होड्या
दोघांनीही अडवल्या नसत्या.
रिकामं रिकाम्यासारखं नसतं,
एवढं दोघांनाही ठाऊक.

लिहून ठेवा कुठंतरी, सर म्हणाले, आणि जेवायला गेले.

बोस्त्यांव उठला, बाकाखालची छत्री उचलली.
ती लुईजिनची.
दोन्ही काळ्या, दोन्हींची मूठ सारखी.
लुईजिननं पाहिलं, तोंड उघडलं,
मिटलं,
आणि उरलेली घेऊन
त्याच्यामागून जिना उतरला.