पाणी कुठे मुरतं

ओतिलिया कारकामो, घर क्रमांक चौऱ्याऐंशी,
वाल्पाराइसोची वरची टेकडी, दोनशे अकरा पायऱ्या.
मीटर सांगतो, महिन्याला दोन युनिट.
शेजारी बारा.
साहेब म्हणाले, वाल्दो, कुठेतरी पाणी मुरतंय.
जा, चोरीचा पाइप शोधून काढ.

गेलो. हातोडी, टॉर्च, पंचनाम्याचे तीन कागद.
दारात बाई, सत्तरी कधीच ओलांडलेली,
हातात मोजा, मोज्यात विजेचा उडालेला दिवा,
त्याच्या गोलाईवर टाच ताणून
हिरव्या मोज्याला तपकिरी लोकरीनं रफू चाललेलं.
म्हणाली, ये, पण बूट बाहेर.
फरशी आजच पुसलीय, पुढची पाळी शुक्रवारी.

मी भिंती ठोकल्या. बेसिनखाली आडवा झालो.
पत्र्यावर चढलो, तिथे एक मांजर होतं,
तेही माझ्याकडे संशयानंच बघत होतं.
पाइप नाही.
न्हाणीघरात, शॉवरच्या बरोबर खाली
एक निळी बादली.

"गरम यायला वेळ लागतो ना,
तोवरचं गार काय समुद्राला द्यायचं?
त्याच्याकडे आहे की पुष्कळ."

खिडकीतून समुद्र दिसत होता.
त्याला काही बोलता आलं नाही. मलाही.

मग मी लिहीत गेलो, लिहायची सवय म्हणून:
बादलीतल्या पाण्यात पालेभाजी धुतली जाते,
भाजीच्या पाण्यानं फरशी,
फरशीचं पाणी संडासात.
घेवडा रात्रभर भिजतो, सकाळी ते पाणी
मागच्या अंगणात लिंबाच्या बुंध्याशी.
साबणाची चिपटी झाली की ती नव्या वडीला चिकटते,
म्हणजे या घरात साबण कधी संपतच नाही,
एकाच्या अंगात दुसरा जातो.

विचारलं, हे सगळं पृथ्वीसाठी?
"पृथ्वीबिथ्वी मला कळत नाही बाबा.
नवरा मालवाहू जहाजावर होता, माणशी एक मग पाणी.
घरी आला तरी मगच मागायचा.
तो गेला, मग राहिला."
आणि जरा ओशाळून,
"टीव्ही मात्र दिवसभर चालू असतो हं.
बंद केला की घर फार ऐकू येतं."

मी टीव्हीचं लिहिलं नाही. तो माझा विभाग नाही.

कागदावर तीन चौकोन होते:
चोरी. गळती. मीटर नादुरुस्त.
चौथा कुणी छापलाच नव्हता.
जिन्यावर बसून बराच वेळ पेन चावलं,
शेवटी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
"पाणी मुरतं, खरं आहे. लिंबाखाली."

साहेबांना ते वाचून ठसका लागला.
त्यांनी नवा मीटर बसवला, परदेशी, आकडे चमकणारे.
महिन्यानं मी वर गेलो, धापा टाकत.
दोन युनिट.
बाई म्हणाली, यंत्र चांगलं आहे, जुन्यासारखंच सांगतं.

पहिल्या दिवशी निघताना तिनं चार लिंबं दिली होती,
पावाच्या फडक्यात बांधून.
"लिंबं तुझी. फडकं माझं. परत आण."
फडक्यावर अजून कुठल्याशा गिरणीचं पुसट नाव,
कधीकाळी ते पिठाचं पोतं असावं.

त्या रात्री घरी शॉवर सोडला,
आणि पहिल्यांदाच मोजलं:
गरम येईपर्यंत मी सव्वा मिनिट
भिंतीकडे तोंड करून नुसता उभा असतो.
नागडा बाहेर आलो, बादली शोधत.
बायको म्हणाली, वेड लागलं का?
आमची एकुलती बादली गच्चीत, तळ गेलेली,
तिच्यात मुलानं माती भरून काहीतरी पेरलं होतं.

मग पातेलं घेतलं, सूपाचं.
ते अर्ध्यातच भरून वाहू लागलं.

फडकं धुऊन वाळत घातलंय.
उद्या द्यायला जाईन म्हणतो,
आणि विचारीन, ती निळी बादली
केवढ्या मापाची असते.