पकड

परभणीच्या जनावरांच्या कालेजात, मागल्या अंगाला,
जिथं मे महिन्यात बी एसी बंद पडू देत नाहीत,
तिथं मी उंदरं सांभाळते.
पांढरी. अठ्ठेचाळीस. निम्मे नर, निम्म्या माद्या.
नराच्या पिंजऱ्याला काळा दोरा, मादीच्या पिंजऱ्याला हिरवा.
हिरवा मह्या जुन्या लुगड्याच्या काठातला.

तहसीन मॅडमचा प्रयोग हाय.
निम्म्यांना साधं खाणं, निम्म्यांना तुपकट गोळ्या.
त्यांचा वास सकाळी बुंदीच्या कढईसारखा,
दुपारून खवट.
सोळा आठवडे. दर सोमवारी वजन.

पहिल्याच महिन्यात काळ्या दोऱ्याचे फुगले.
मान गेली, पोट आलं,
कोपऱ्यात बसून राहायले
निवडणूक हरलेल्या मेंबरावानी.
हिरव्या दोऱ्याच्या बी त्याच गोळ्या खायच्या,
अन् काटा हलायचा नाही.
मी म्हणलं, मॅडम, ह्या रातच्याला पळायल्यात का काय?
मॅडम म्हणल्या, चौत्राबाई, थांबा.

थांबले.
अकराव्या आठवड्यात त्या बी भरल्या,
पण कमरेखाली, गुपचूप,
जसे बाया पैसे ठेवतात.
कुठं, ते इचारायचं नाही.

मग पकड मोजायची.
उंदीर जाळीवर ठेवायचा, शेपूट धरून मागं ओढायचं.
तो जाळी धरून राहतो, जोवर निभतं तोवर.
नराचा आकडा मोठा.
पण त्याला वजनानं भागलं की
तो च्यात बुडवलेल्या बिस्किटावानी गळून पडतो.
मादीचा आकडा आधीच लहान,
भागल्यावर बी फारसा उतरला नाही.
आमच्या पिंजऱ्यात तरी.
बाकीच्यांचं आपल्याला ठाव नाही, मॅडम म्हणतात,
अन् काचेवर मांडीच्या मासाची काप ठेवून मला बघू देतात.
लाल थेंब. चरबी.
नराच्या धाग्यात मोठाले, मादीच्या बारीक बारीक, पण लई.
ती ते जाळून वापरत असंल बहुतेक.
बहुतेक हा मॅडमचा शब्द. मला आवडला.

मॅडमचे जुने सर म्हणायचे म्हणे,
मादी घेऊ नको, तिचं चक्र असतं, आकडे डळमळतात.
म्हून नरच खात राहिले, नरच मोजले,
अन् त्या मोजणीवरून आपल्या दोघांचं औषध.

आमच्या घरी बी एकच कढई.
मारोतराव जिंतूरच्या जत्रेत कुस्ती मारायचे,
नारळ जिंकून आणायचे.
आता वसमत रोडवरचा भज्याचा पुडा आणतात,
निम्मा त्यांचा, निम्मा महा.
शिबिरात डॉक्टरनं त्यांचं पोट बघितलं,
लगेच सुई, लगेच चिठ्ठी, लगेच साखर.
माझ्याकडं बघून म्हणला, तुमचं बरंय, मावशी.
बरंय.
गोळ्यांचं पोतं घेऊन तिसऱ्या मजल्याला चढते
तव्हा दुसऱ्याच वळणावर मांड्या पेटतात,
अन् तिथं कुणी काटा लावत नाही.

एकतीस नंबर हिरव्या दोऱ्याची होती.
तीनदा ओढली, तीन बी वेळा जाळीसकट उचलली.
चौथ्यांदा मॅडमनंच हात सैल केला.
सोळाव्या आठवड्यानंतर काय असतं, ते मला माहीत हाय.
त्या सकाळी मी पिंजरा दोनदा पुसला.

सांजच्याला मॅडमनं माणसाची मशीन काढली,
लोखंडी मूठ, हौस म्हणून.
दाबा, चौत्राबाई.
दाबली. दात लावून दाबली.
मारोतरावापेक्षा पाचानं कमी, त्यांनी पोटातून दाबली होती.
मॅडमनं वही उघडली,
पेन तसंच धरून बसल्या.
माझं वजन इचारलं, वय इचारलं,
पाळी कधी गेली ते इचारलं,
दिवसाला किती जिने, ते बी.
असलं कुणी इचारलं नव्हतं.
मी सांगत गेले.

उद्या गोळ्यांची नवी पोती येणार हायत.
लिफ्ट बंदच हाय.