डोअरकीपर

लक्ष्मीपुरीतल्या टॉकीजला तो पिक्चर
एकोणीस आठवडे चालला.
माझे वडील, शमुवेल मार्तंड आवळे,
फर्स्ट क्लासच्या दाराशी उभे असत.
हातात दोन सेलची बॅटरी,
गळ्यात तोच मफलर, जो रविवारी उपासनेला.

मंडळीच्या वडिलांना
माझ्या वडिलांचं हे काम खपत नसे.
सिनेमाच्या दारातला माणूस
दानाची थैली कशी फिरवणार?
थैली कायम सालोमन सरांकडे,
आम्ही कायम शेवटच्या बाकावर.
स्तोत्रात द्वारपाळाची ओळ आली
की मी आप्पांकडे बघायची.
आप्पा वर, पंख्याकडे.

रात्री साडेबाराला सायकल भिंतीला टेकायची.
झुणका गरम करता करता आई विचारायची,
"आज काय झालं पिक्चरमध्ये?"
जसं काही रोज वेगळं व्हायचं.

हिरोबद्दल आप्पा कधी बोलले नाहीत.
हिरो ट्रक चालवायचा, दारू सोडायचा, अकरा जणांना लोळवायचा,
गंगावेशीचे पैलवान पडद्यावर चिल्लर उधळायचे.
आप्पा सांगायचे त्याच्या आईचं.
"चारच वाक्यं हाईत बाईला.
पण पोरगं घर सोडून गेल्यापासनं
रातच्याला कडी लावत न्हाई.
तीनदा दावलंय, कुणी बघतच न्हाई.
कडीकडं फकस्त मी बघतो.
माझा धंदाच त्यो."

मग भाकरी मोडत, मधेच,
"उशिरा येणाऱ्याच्या पायापाशी बॅटरी धरावी, सुवार्ते.
तोंडावर न्हाई.
त्याला खुर्ची घावली म्हंजे झालं.
कोण आलाय, ते सगळ्या थेटराला कशाला?"

सातव्या आठवड्यात शिवा डवरीनं
ब्लेडनं जी-बाराची सीट फाडली आणि पळाला.
पगारातून सतरा रुपये गेले.
आईनं गोधडीच्या दाभणानं सीटला टाके घातले,
प्रत्येक टाक्याला एक शिवी, ख्रिस्ती घरात बसेल एवढीच.
पुढं महिनाभर तो पोरगा
समोरच्या पानपट्टीआड उभा राहून
पोस्टर बघत असे.
एकदा इंटरव्हलनंतर आप्पांनी पडदा बाजूला केला.
त्याला नेऊन बसवलं जी-बारावर,
आणि वाकून विचारलं,
"टाकं टोचत्यात का?"

मला पिक्चर बघायची परवानगी नव्हती.
मी विचारलं, शेवट काय?
डोळे मिटत आप्पा म्हणाले,
"शेवटी दार उघडतंय."

तेवीस वर्षं मी शब्बाथशाळेत
उधळ्या पुत्राचा धडा त्या पिक्चरवरून शिकवला.
कडी, आई, ट्रक.
शेवटी दार उघडतं, मुलांनो.

परवा दुपारी तो टीव्हीवर लागला.
मी मेथी निवडत होते.
पोरगा परत येतो.
दाराला कुलूप, गंजलेलं.
शेजारी हातानंच सांगतात, गेली.
तो पायरीवर बसतो. समाप्त.

दार उघडतच नाही.

मला आप्पांचा राग आला,
दफनभूमीत झोपलेल्या माणसाचा येतो तसा,
म्हणजे बराच वेळ.
मेथी तशीच राहिली.
मग आठवलं,
खेळ सुटायच्या दोन मिनिटं आधी
डोअरकीपरला पडद्याकडे पाठ करावी लागते.
वरची खिट्टी खाली, खालची वर,
आडवी पट्टी खांद्यानं उचलून
दोन्ही फळ्या बाहेर ढकलायच्या.
रोजचे तीन खेळ, एकोणीस आठवडे.
मी पेन्सिलीनं पेपरच्या कडेला मांडून बघितलं,
तीनशे नव्व्याण्णव वेळा
त्यांनी तो शेवट पाहिला नाही.
तीनशे नव्व्याण्णव वेळा
दार उघडलं.

रविवारी मी मुलांना दोन्ही सांगितलं.
मागच्या बाकावरची रिबका म्हणाली,
"पण बाई, खरा शेवट कुठला?"
मी म्हटलं, थांब जरा,
बाहेर कुणीतरी उशिरा आलंय.